थंड देशातली विरळणी आणि मातीतली कणगी



बाजरी दाट उगवली की आपण विरळणी करतो. मग राहिलेल्या रोपांना ऊन, पाणी, खत भरपूर मिळते आणि कणीस चांगले भरते. फिनलंड देशात अशीच विरळणी जंगलात करतात. तिच्यामुळे तिथल्या मातीचे काय होते, ते मी सांगणार आहे. गुरुजींनी फळ्यावर चित्र काढून मला हे समजावून दिले.

फिनलंड युरोप खंडात अगदी उत्तरेला आहे. तिथल्या १०० भाग जमिनीपैकी सुमारे ७५ भागांवर जंगल आहे. हिवाळा लांबलचक असतो. उत्तर भागात तर कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते. पाईन, स्प्रूस आणि भूर्ज ही तिथली मुख्य झाडे. झाड तोडणीला यायला साधारण ६० ते १०० वर्षे लागतात. तेवढ्या काळात दोन-तीन वेळा विरळणी करतात.

आता कर्ब म्हणजे काय ते पाहू. लाकडाचा कोळसा होतो, तो बहुतेक कर्बच असतो. झाडे हवेतून कार्बन डायऑक्साइड वायू घेतात आणि त्यातल्या कर्बापासून लाकूड, पाने, मुळे तयार करतात. पाने गळली, मुळे मेली की ती मातीत मिसळतात. मातीतले बारीक जीव ती कुजवतात, तेव्हा बराच कर्ब पुन्हा हवेत जातो.

पण उन्हाळ्यात दूध लवकर नासते आणि थंडीत टिकते ना? तसेच मातीचे आहे. थंड मातीत कुजणे फार सावकाश चालते. म्हणून तिथे शेकडो, हजारो वर्षांचा कर्ब साठून राहिला आहे. उत्तरेकडच्या थंड जंगलांत झाडांपेक्षा मातीतच कर्ब जास्त आहे. म्हणजे खरी कणगी जमिनीखाली आहे!

ही कणगी भरते कोण? मला वाटले, गळलेली पाने. पण स्वीडन देशातल्या शास्त्रज्ञांनी तळ्यांमधल्या बेटांवरची जंगले तपासली आणि २०१३ साली सांगितले, की तिथल्या मातीत साठलेल्या कर्बापैकी ५० ते ७० टक्के कर्ब मुळांकडून आणि मुळांना चिकटून राहणाऱ्या बुरशीकडून आलेला आहे.

विरळणी केली की दोन गोष्टी होतात. झाडे कमी झाल्यामुळे पाने कमी गळतात. ऊन खाली पोचते, उन्हाळ्यात माती जास्त तापते आणि कुजणे वाढते. ही झाली कणगीतून काढणे. पण तोडलेल्या झाडांच्या फांद्या आणि मुळे तिथेच राहिली, तर ती मातीत मिसळतात. ही झाली भर.

फिनलंडमध्ये ह्यूटियाला येथे पाईनचे एक जंगल आहे. तिथे उंच मनोऱ्यावर यंत्रे लावून जंगल किती कार्बन डायऑक्साइड घेते आणि किती सोडते ते मोजतात. २००२ साली तिथे विरळणी केली. पानांचा जवळजवळ चौथा हिस्सा कमी झाला. तरी सगळ्या जंगलाचे कर्ब घेणे कमी झाले नाही! जमिनीलगतच्या लहान झुडपांना ऊन मिळाले आणि ती जास्त वायू घेऊ लागली. त्यामुळे कुजण्याने गेलेले भरून निघाले.

याचा अर्थ कितीही तोडा असा नाही हं! आमचे आबा म्हणतात, "विरळणी म्हंजे रान उजाड करणं नव्हं." फार झाडे काढली, फांद्या आणि बुंधेसुद्धा जळणाला नेले, तर मातीला खायला काय उरणार? कणगी रिकामी व्हायला वेळ लागत नाही, भरायला मात्र पिढ्या जातात. आणि हवेला कुंपण नसते. तिकडे हवेत गेलेला कर्ब सगळ्या पृथ्वीला तापवतो, आपल्या गावालासुद्धा.

म्हणून जंगल मोजताना नुसती झाडे मोजू नयेत, पायाखालची मातीही मोजावी.

वाचा आणि उत्तरे सांगा :
१. थंड मातीत कर्ब जास्त का साठतो?
२. ह्यूटियालाच्या जंगलात कमी झालेली पाने कोणी भरून काढली?
३. विरळणीनंतर फांद्या रानातच का ठेवाव्यात?

— इयत्ता ४ थी