तळ्यासाठी आणि छतासाठी पैसा उभा करताना

बेंगळुरूत 2024 च्या मार्चमध्ये कूपनलिका आटल्या आणि टँकरचे दर प्रशासनाला ठरवून द्यावे लागले. तुमच्या वसाहतीतही तेव्हापासून ‘काहीतरी करू या’ म्हणणारी मंडळी असतील. त्यांना एकत्र बसवा आणि कागदावर दोन रकाने आखा: कुंपणाच्या आतलं काम आणि बाहेरचं काम. दोन्हींचा पैसा वेगवेगळ्या दारी मिळतो. हे न ओळखता सगळीकडे एकच अर्ज पाठवणाऱ्यांच्या हाती सहसा काही लागत नाही.

आतल्या कामात सौरऊर्जा आधी घ्या. पीएम सूर्यघर योजनेत लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी गृहसंकुलाला किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान मिळतं. घरामागे 3 किलोवॅट आणि एकूण 500 किलोवॅट ही मर्यादा. म्हणजे 20 किलोवॅटला 3,60,000 रुपये. सर्वसाधारण सभेत ठराव करा, राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज भरा. पुढची तपासणी आणि मीटर वीज कंपनी बेस्कॉमकडे.

पावसाच्या पाण्यासाठी मात्र वसाहतीचाच राखीव निधी काढा. सभासदांपुढे हिशेब ठेवा: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शहरात वर्षाला साधारण 970 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे 1,000 चौरस मीटर छतावरून गळती धरूनही सात लाख लिटरच्या वर पाणी हाती येतं. शेजारी गेल्या उन्हाळ्याची टँकरची बिलं लावा. हे पाणी जमिनीत मुरवणारी पुनर्भरण विहीर खोदायला मन्नु वड्डर समाजाचे कारागीर बोलवा. पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खोदणारी ही माणसं आहेत. बायोम ट्रस्ट या संस्थेच्या दहा लाख विहिरींच्या मोहिमेमागे त्यांचंच कसब आहे.

कुंपणाबाहेर तळं किंवा सरकारी शाळा असेल तर पैशाआधी परवानगी. सप्टेंबर 2025 पासून शहरात पाच महानगरपालिका आहेत. तुमची कोणती, ते पाहून लेखी अर्ज द्या. शहराचा हवामान कृती आराखडा नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर झाला. त्यातल्या कोणत्या विषयात तुमचं काम बसतं, तेही अर्जात लिहा.

मग बाहेरच्या कामासाठी देणग्या घेणारी संस्था. कर्नाटकाच्या 1960 च्या कायद्यानुसार सात जणांत सोसायटी नोंदवता येते. पाठोपाठ आयकर खात्याकडे करमुक्तीची आणि देणगीदारांना करसवलत देणारी (12ए आणि 80जी म्हणून ओळखली जाणारी) नोंदणी करा.

आता देणगी, आणि ती आधी शेजाऱ्यांकडूनच. जे. पी. नगरच्या पुट्टेनहळ्ळी तळ्याची देखभाल रहिवाशांच्या विश्वस्त संस्थेने 2011 मध्ये हाती घेतली आणि ती लोकांच्या देणग्यांवर चालवून दाखवली. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. तळं एकदा उपसायला पैसा देणारे भेटतात. जलपर्णी काढणाऱ्या माणसाचा दरमहाचा पगार द्यायला कुणी पुढे येत नाही. तो पगार घरोघरच्या छोट्या वर्गणीतून आधी बांधून घ्या.

त्यानंतरच कंपन्यांकडे जा. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावे लागतात आणि पर्यावरण त्या यादीत आहे. तो पैसा घेण्यासाठी संस्थेची सीएसआर-1 नोंदणी हवी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभवही हवा. तुमची संस्था नवी असेल तर जुन्या, अनुभवी संस्थेच्या नावाने प्रस्ताव द्या. मार्चच्या घाईत जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये, वर्षाचं अंदाजपत्रक आकार घेत असताना भेटा. प्रस्ताव एका समारंभाचा नको. कायदा सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं चालणारा प्रकल्प मान्य करतो. देखभालीसकट तेवढाच मागा.

न्यू जर्सीतला भाचा पैसे पाठवतो म्हणाला, तर आधी त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवत असेल तर चालतं. अमेरिकी नागरिक झाला असेल, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, ती विदेशी देणगी ठरते. विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसताना संस्थेने ती घेऊ नये.