सीमेपलीकडील तीर्थे : यात्रेकरूंची कागदपत्रे व प्रवेशाचे नियम

हिंदूंची सर्व पवित्र क्षेत्रे आजच्या भारताच्या सीमेत सामावलेली नाहीत. पशुपतिनाथ, जनकपूर व मुक्तिनाथ ही क्षेत्रे नेपाळमध्ये आहेत. ज्या गंडकीच्या पात्रातील शाळिग्राम महाराष्ट्रातील घरोघरच्या देव्हाऱ्यांत पुजले जातात, तिचा वरचा प्रवाहही नेपाळमधीलच. कैलास व मानसरोवर तिबेटमध्ये, म्हणजे चीनच्या प्रशासनाखाली आहेत. भाविकाच्या मनात ही सारी एकाच परंपरेतील तीर्थे असली, तरी तेथे पोहोचण्यापूर्वी त्याला राज्यसत्तांच्या द्वारातून जावे लागते. हे द्वार कोणासाठी, कोणत्या कागदावर उघडते, याचे ज्ञान यात्रेच्या तयारीचाच एक भाग होय.

सीमा आणि कागदपत्रे

सीमा कालमानाने बदलतात आणि त्यांच्याबरोबर प्रवासाचे नियमही बदलतात. जुहू येथील रहिवाशांना याचे उदाहरण दूर शोधण्याचे कारण नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या विमानतळावर उतरले. त्या काळी कराची ही मुंबई इलाख्यातीलच नगरी होती. सिंध प्रांत १९३६ साली वेगळा झाला. एकाच इलाख्यातील तो प्रवास होता. १९४७ नंतर याच दोन शहरांमध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आली आणि १९५२ पासून भारत व पाकिस्तान यांच्यातील प्रवासास पारपत्र व व्हिसा आवश्यक झाले. अंतर तेच राहिले, प्रवासाचा अधिकार मात्र कागदावर अवलंबून राहू लागला.

येथे दोन संज्ञांतील भेद ध्यानात घ्यावा. पारपत्र, म्हणजेच पासपोर्ट, आपले स्वतःचे शासन देते. ते धारकाची ओळख व नागरिकत्व सिद्ध करते. भारतात ते १९६७ च्या पारपत्र अधिनियमान्वये दिले जाते. व्हिसा ही ज्या देशात जावयाचे त्या देशाने दिलेली प्रवेशाची अनुमती होय. ‘व्हिसा लागत नाही’ याचा अर्थ ‘कागदपत्रे लागत नाहीत’ असा होत नाही. या एका गैरसमजामुळे वर्षभर आखलेली यात्रा विमानतळाच्या खिडकीपाशीच थांबू शकते.

नेपाळ : व्हिसा नाही, ओळखपत्र आवश्यक

३१ जुलै १९५० रोजी भारत व नेपाळ यांच्यात शांतता व मैत्रीचा करार झाला. एकमेकांच्या नागरिकांना परस्परांच्या देशात संचार, वास्तव्य व व्यापार यांच्या सवलती देण्याची तरतूद त्यात आहे. म्हणून भारतीय नागरिकास नेपाळमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. तथापि, विमानाने जाताना आपण भारतीय आहोत हे मान्य कागदाने सिद्ध करावे लागते. त्याचे सर्वसाधारण नियम असे आहेत :

१. प्रौढ नागरिकाने मुदतीत असलेले पारपत्र अथवा निवडणूक आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्र, यांपैकी एक मूळ स्वरूपात सोबत ठेवावे. झेरॉक्स प्रत अथवा भ्रमणध्वनीतील छायाचित्र मूळ कागदाची जागा घेत नाही.

२. वय ६५ वर्षांहून अधिक वा १५ वर्षांहून कमी असल्यास पॅन कार्ड, वाहनचालक परवाना, शिधापत्रिका यांसारखा वय व ओळख दाखविणारा छायाचित्रासहित कागद चालतो. २०१९ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने या दोन वयोगटांसाठी आधार कार्डही ग्राह्य धरले.

३. १५ ते १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यास शाळेच्या मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेल्या ओळख प्रमाणपत्रावर जाता येते.

यांतील दुसरा नियम विशेष काळजीपूर्वक वाचावा. बँकेत, रेल्वेत, रुग्णालयात आधार कार्ड चालते. म्हणून ते नेपाळसाठीही सर्वांना चालेल, असे अनेकजण गृहीत धरतात. ६५ वर्षांपर्यंतच्या प्रौढास केवळ आधार कार्डावर ही मुभा नाही. शिवाय सुरुवातीच्या काळातील पुष्कळ आधार कार्डांवर पूर्ण जन्मतारीख नसून केवळ जन्मवर्ष छापलेले असते. ज्यांचे वय ६५ च्या आसपास आहे अशांनी ती नोंद निघण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी, अथवा मतदार ओळखपत्र जवळ बाळगावे.

एका कुटुंबाचे उदाहरण

नियम स्पष्ट व्हावा म्हणून पशुपतिनाथाच्या दर्शनास निघालेल्या एका काल्पनिक कुटुंबाचा विचार करू. आजोबा ७२ वर्षांचे, मुलगा ४५ चा, सून ४१ वर्षांची, नात १६ वर्षांची, आणि सोबत अमेरिकेहून सुट्टीत आलेला मुलीचा मुलगा, वय २०.

आजोबांना आधार कार्ड पुरेल. मुलगा व सून यांना पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र लागेल. नातीजवळ पारपत्र नसल्यास शाळेचे प्रमाणपत्र घ्यावे लागेल. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेचे कार्यालय बंद असू शकते, याचा विचार आधीच करावा. नातवाची बाब सर्वस्वी निराळी आहे. त्याच्याजवळ ओसीआय कार्ड असले, तरी ते कार्ड भारतात येण्याची व राहण्याची सवलत देते. भारताचे नागरिकत्व देत नाही. तो अमेरिकेचा नागरिक असल्याने नेपाळचा व्हिसा त्याला घ्यावाच लागेल. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर उतरल्यावर शुल्क भरून तो मिळतो. भारतात परतताना त्याच्याजवळ अमेरिकेचे पारपत्र व ओसीआय कार्ड दोन्ही हवीत. एकाच घरातील पाच माणसे एकाच देवाच्या दर्शनास निघाली, तरी प्रत्येकाचा कागद निराळा असू शकतो. म्हणून घरातील एकाने सर्वांचे कागद एकत्र मांडून, प्रत्येकाचे वय व नागरिकत्व पाहून तपासणी करावी.

नेपाळमध्ये पोहोचल्यावरही काही क्षेत्रांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. सुमारे ३,७०० मीटर उंचीवरील मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येते. तेथे जाणाऱ्या परदेशी यात्रेकरूंत भारतीयांचाही समावेश होतो व त्यांना त्या क्षेत्राचा प्रवेशपरवाना घ्यावा लागतो. त्याहून उत्तरेकडील वरचा मुस्तांग हा प्रतिबंधित प्रदेश असून त्यासाठी विशेष परवाना लागतो. गोरखपूरपर्यंत रेल्वेने जाऊन सोनौली येथून मोटारीने नेपाळमध्ये शिरणाऱ्यांनी वाहनाची नोंद व शुल्क सीमेवरील ‘भन्सार’ कार्यालयात, म्हणजे नेपाळच्या सीमाशुल्क कचेरीत, भरावे. १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये बंदी घातली होती व या विषयीचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. म्हणून निघताना चालू नियम विचारून घ्यावा आणि १०० रुपयांच्या नोटा पुरेशा ठेवाव्यात.

कैलास-मानसरोवर : सामूहिक अनुमती

मानसरोवराच्या यात्रेचा इतिहास पाहिला, तर शासनांच्या संबंधांवर यात्रेकरूचे भाग्य कसे अवलंबून असते हे कळते. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांच्यात तिबेटविषयक करार झाला. त्यात कैलास व मानसरोवर यांचा नावानिशी उल्लेख होता. यात्रेकरूंनी ओळखीचे दस्तऐवज बाळगण्याची आवश्यकता नव्हती. सीमेवरील चौकीत नोंद करून यात्रेचा परवाना घेणे एवढेच पुरे होते. या कराराची मुदत १९६२ साली संपली, त्याच वर्षी दोन्ही देशांत युद्ध झाले, आणि ही वाट बंद पडली. १९८१ साली लिपुलेख खिंडीतून यात्रा पुन्हा सुरू झाली. २०१५ साली सिक्कीममधील नथू ला हा दुसरा मार्ग उघडला. २०२० ते २०२४ अशी पाच वर्षे यात्रा पुन्हा बंद राहिली व २०२५ च्या जूनमध्ये ती परत सुरू झाली.

परराष्ट्र मंत्रालयातर्फे होणाऱ्या या यात्रेसाठी २०२५ साली लिपुलेखमार्गे ५० जणांचे ५ व नथू ला मार्गे ५० जणांचे १० गट, म्हणजे एकूण ७५० यात्रेकरूंची योजना होती. निवड संगणकीय सोडतीने होते. अर्जदार भारतीय नागरिक असावा लागतो. परदेशी नागरिक व ओसीआय कार्डधारक यांना या यात्रेत स्थान नाही. त्या वर्षीच्या १ जानेवारी रोजी वय १८ ते ७० च्या दरम्यान असावे, शरीरभार निर्देशांक २५ किंवा त्याहून कमी असावा, आणि १ सप्टेंबर रोजी पारपत्राची किमान ६ महिन्यांची मुदत शिल्लक असावी, असे नियम होते. निवड झाल्यावरही दिल्लीतील वैद्यकीय तपासणीत पात्र ठरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परिक्रमेतील डोल्मा ला ही खिंड ५,६०० मीटरहून उंच आहे. तेथील विरळ हवेचा विचार करता ही अट जाचक नसून यात्रेकरूच्या जिवासाठीच आहे.

वरील उदाहरणातील ७२ वर्षांचे आजोबा केवळ आधार कार्डावर पशुपतिनाथास जाऊ शकतात. शासकीय मानसरोवर यात्रेस मात्र कोणताही कागद त्यांना पात्र करू शकत नाही. ‘निवृत्तीनंतर सवडीने जाऊ’ असे म्हणत ही यात्रा पुढे ढकलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नेपाळमार्गे खासगी संस्थांबरोबर जाणाऱ्यांसाठी चीनचा सामूहिक व्हिसा असतो. तो पारपत्रावर न उमटविता सर्व गटाची नावे असलेल्या स्वतंत्र कागदावर दिला जातो. गटाने एकत्र जावे व एकत्र परतावे, अशी त्याची रचना असते. एखाद्यास आजारपणामुळे मध्येच परतावे लागल्यास स्वतंत्र अनुमतीची व्यवस्था करावी लागते. या यात्रेस मूळ पारपत्र अनिवार्य आहे. नेपाळमध्ये चालणारे मतदार ओळखपत्र येथे निरुपयोगी ठरते. यात्रासंस्थेस पैसे भरण्यापूर्वी व्हिसा न मिळाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे.

नावातील फरक

महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन शब्द लिहिण्याची पद्धत आहे. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. त्यामुळे मतदार ओळखपत्रावर सासरचे, पारपत्रावर माहेरचे व तिकिटावर तिसरेच नाव, असा घोळ होतो. माहेरच्या नावाचे पारपत्र केवळ विवाहामुळे रद्द होत नाही. परंतु ज्या कागदावर प्रवास करावयाचा, त्याच कागदावरील नाव अक्षरशः तिकिटावर असावे. तिकीट काढताना घरातील हाकेचे नाव, अर्धवट मधले नाव अथवा इंग्रजी स्पेलिंगमधील अंदाज टाळावा.

निघण्यापूर्वीची तपासणी

यात्रेच्या किमान तीन महिने आधी पारपत्राची मुदत पाहावी. प्रौढांचे पारपत्र १० वर्षांचे असते. १५ वर्षांखालील मुलांचे ५ वर्षांचे असते, हे पालकांच्या ध्यानात राहत नाही. नवे पारपत्र काढावयाचे असल्यास पारपत्र सेवा केंद्रात वेळ ठरवून जावे. मुंबईचे विभागीय पारपत्र कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. पोलीस तपासणीच्या वेळी अर्जातील पत्त्यावर उपस्थित राहावे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तो महापालिकेतून वेळेवर घ्यावा.

सर्व कागदांच्या दोन प्रती काढून एक सामानात व एक घरी ठेवावी. नेपाळमध्ये पारपत्र हरवल्यास प्रथम स्थानिक पोलिसांत नोंद करावी व काठमांडूतील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. भारतात एकदा परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र तेथून मिळू शकते. वृद्ध यात्रेकरूंचे कागद त्यांच्या स्वतःजवळच असावेत. सर्वांचे कागद एकाच्याच पिशवीत असले व गर्दीत ताटातूट झाली, तर वृद्धांची ओळख पटविणारे काहीच त्यांच्यापाशी उरत नाही. त्यांच्या खिशात घरचा पत्ता व गटप्रमुखाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठीही ठेवावी.

नियम दरवर्षी बदलू शकतात. म्हणून शेजाऱ्याच्या गतवर्षीच्या अनुभवावर विसंबू नये. परराष्ट्र मंत्रालय, संबंधित दूतावास व विमान कंपनी यांच्याकडून चालू वर्षाची माहिती घेऊनच तिकीट काढावे. कागदपत्रांची चिंता घरीच संपविली, म्हणजे पुढील वाटेवर यात्रेकरूचे चित्त दर्शनाकडे मोकळे राहते.