तंजावूरची भिंत पडद्यावर दाखवताना

तंजावूरच्या मराठी राजांविषयी मी बोलत असतो: कधी इथल्याच मराठी घरांतल्या मंडळींपुढे, कधी पुण्या-साताऱ्याहून आलेल्या पाहुण्यांपुढे, कधी शाळकरी मुलांपुढे. सोबत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर असतो. स्लाइड्सच्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो सोयी आहेत. त्यातल्या मोजक्याच खऱ्या कामाच्या, आणि त्यांचं एकच काम: समोरच्याला मूळ वस्तू नीट बघायला लावणं.

१. आधी पडद्याचा आकार ठरवावा.
नव्या फाइलचा आकार १६:९ असतो. जुन्या सभागृहांतले प्रोजेक्टर पुष्कळदा ४:३ चे. मांडणी झाल्यावर आकार बदलला तर सगळं पुन्हा जुळवावं लागतं. म्हणून बोलावणाऱ्यांना आधीच विचारून घेतो.

२. अख्खी भिंत आधी, अक्षर नंतर.
पेरिय कोविलच्या, म्हणजे बृहदीश्वराच्या आवारात नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो एका फोटोत बसवला की अक्षर दिसत नाही, आणि जवळून घेतला की भिंतीचा पसारा कळत नाही. यावर उपाय सोपा आहे. पूर्ण भिंतीची स्लाइड करायची, कंट्रोल-डी दाबून तिची प्रत काढायची, प्रतीत तोच फोटो मोठा करून एका ओळीवर आणायचा आणि दोन्हींच्या मधे ‘मॉर्फ’ हे संक्रमण लावायचं. पडदा सावकाश भिंतीजवळ जातो. ओळीवरून शब्दावर जायला आणखी एक प्रत. पॉवरपॉइंटच्या जुन्या आवृत्त्यांत मॉर्फ नाही. तिथे साधा ‘फेड’ चालतो. फोटो मात्र मोठ्या आकाराचा हवा, आणि तिरप्या उन्हात काढलेला. भर दुपारी कोरलेलं अक्षर सपाट दिसतं.

‘क्रॉप’ केलेला भाग पुसला जात नाही, फक्त झाकला जातो. त्यामुळे कडेची ओळ हवी झाली तर परत मिळते. मात्र फाइल फुगते. सगळं पक्कं झाल्यावर ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ वापरावं.

३. लिपीची काळजी सर्वांत जास्त.
इथे एकाच स्लाइडवर देवनागरी, तमिळ आणि कधी मोडीही लागते. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली, आणि मोडीचा फॉन्ट फार थोड्या संगणकांवर असतो. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तीच ओळ रिकाम्या चौकोनांची होते. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत लिहिलेल्या मजकुराची तर अर्थहीन चिन्हं होतात. फाइल जतन करताना फॉन्ट आत घालायची सोय आहे, ती वापरावीच. मूळ मोडी कागद असेल तर त्याचं छायाचित्रच लावावं, शेजारी बाळबोध लिप्यंतर. लेखणीचा वेग फॉन्टमधून दिसत नाही. देवनागरीसाठी ओळींमधलं अंतरही वाढवावं. वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात.

४. हे सगळं ‘स्लाइड मास्टर’मध्ये एकदाच ठरवावं. शीर्षकाची जागा, फॉन्ट, कोपऱ्यातली श्रेयनामावली. सरस्वती महाल ग्रंथालयातलं चित्र असेल तर परवानगी घेऊन, हस्तलिखिताच्या क्रमांकासह.

५. ॲनिमेशनपैकी मी फक्त ‘अपिअर’ वापरतो.
काळरेषेसाठी ते फार उपयोगी: १६८४, शहाजीराजांची कारकीर्द सुरू, १७९८, सरफोजीराजे गादीवर, १८५५, संस्थान खालसा. सगळी सालं एकदम दिसली तर लोक पुढची वाचत बसतात आणि शहाजीराजांच्या मराठी नाटकांकडे लक्ष राहत नाही. ती नाटकं मराठी नाट्यवाङ्मयातली अगदी आरंभीची, त्यांना त्यांचा वेळ मिळायलाच हवा.

६. मजकूर नोट्समध्ये, पडद्यावर नाही.
इथल्या पुष्कळ मराठी घरांत बोली मराठी आहे, पण शिक्षण तमिळमधून झालेलं. बोललेलं सगळं कळतं, देवनागरी परिच्छेद मात्र वाचवत नाही. त्यांच्यापुढे मजकुरानं भरलेली स्लाइड लावणं मला अन्यायाचं वाटतं. ‘प्रेझेंटर व्ह्यू’मध्ये नोट्स फक्त आपल्याला दिसतात. सरफोजीराजांच्या वैद्यकीय कागदांत नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत आणि सोबत त्या डोळ्यांची रंगीत चित्रं. पडद्यावर फक्त ती चित्रं ठेवावीत. तमिळ, मराठी, कुणीही पुढे झुकून बघतं.

(१९८७ साली पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती आली, आणि त्याच साली बृहदीश्वर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. हा योगायोग मुलांना फार आवडतो.)

७. ‘बी’ची कळ.
स्लाइड शो चालू असताना ‘बी’ दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. श्रोत्यांतल्या एखाद्या आजी आपल्या तंजावुरी मराठीत लहानपणची आठवण सांगू लागल्या की मी ती कळ दाबतो. त्यांच्या परवानगीनं आवाज टिपून घेतला तर ‘इन्सर्ट’मधून तो पुढच्या वेळी स्लाइडवर घालता येतो, चिन्हावर टिचकी मारली की वाजेल असा.

८. शेवटी पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. तिच्यात लिपी शाबूत राहते. हालचाल आणि आवाज मात्र जातात. म्हणून आवाजाची फाइल त्याच फोल्डरमध्ये वेगळी.