कर्करोग आणि घरातील वीस दिवस : रुग्ण व कुटुंबीयांसाठी एक अभ्यासपाठ

कर्करोगाच्या उपचारांचा विषय निघाला की शस्त्रक्रियागृह, किरणोपचाराचे यंत्र व सलाइनची बाटली डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु केमोथेरपीच्या अनेक योजनांमध्ये एक आवर्तन २१ दिवसांचे असते. त्यातील साधारणतः एक दिवस रुग्णालयात जातो. उरलेले वीस दिवस रुग्ण घरीच असतो. विटा व परिसरातील रुग्ण उपचारांसाठी मिरज, कराड, कोल्हापूर, बार्शी वा मुंबई येथे जातात, डोस घेऊन परततात आणि पुढील तारखेपर्यंत कर्करोगतज्ज्ञ त्यांच्या हाकेच्या अंतरावर नसतो. या वीस दिवसांत स्वतःस कसे सांभाळावे, हे रुग्णास व त्याच्या घरच्यांस शिकविणे हा उपचारांचाच भाग आहे, असे आम्हास वाटते.

नोंद ठेवणारा रुग्ण

या मतास अभ्यासाचा आधार आहे. न्यूयॉर्क येथील मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात ७६६ रुग्णांवर एक अभ्यास झाला. शरीरात इतरत्र पसरलेल्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणारे हे रुग्ण होते. त्यांतील एका गटाने मळमळ, वेदना, धाप, थकवा अशी लक्षणे नियमितपणे स्वतः नोंदविली व गंभीर नोंद तात्काळ परिचारिकेपर्यंत पोहोचविण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाचे मध्यम आयुर्मान सुमारे ३१ महिने, तर नेहमीच्या पद्धतीने देखरेख झालेल्या गटाचे २६ महिने होते. वेळेवर सांगितलेल्या त्रासावर वेळेवर इलाज झाला, हे या फरकाचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

आपल्याकडील उदाहरण बार्शीचे आहे. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगावी जाऊन नोंदी घेत, तसेच लोकांना धोक्याची लक्षणे समजावून सांगत. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारांस येऊ लागल्याचे तेथे आढळून आले. महागडे यंत्र दाराशी नसतानाही केवळ समज वाढल्याने इतके साधू शकते.

यासाठी आम्ही सुचवितो ती साधी शंभर पानी वही. तीत रोज तारीख, ताप, वेदना शून्य ते दहापैकी किती, जेवण, शौच, झोप व घेतलेली औषधे लिहावीत. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी घरातील शाळकरी मुलाने लिहावे. तपासणीस जाताना फाइलसोबत वही न्यावी.

घरी घ्यावयाची दक्षता

ताप : केमोथेरपीनंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. ताप न मोजताच पॅरासिटामॉलची गोळी घेतल्यास ताप झाकला जातो व जंतुसंसर्ग आतल्या आत वाढतो. ‘सकाळी पाहू’ हा विचार येथे जिवावर बेतू शकतो.

तोंड : कोमट पाण्यात चिमूटभर मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. तंबाखू व मिश्री निदानानंतरही सोडावी. त्याने उपचारांचा लाभ वाढतो. तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार झालेल्यांनी जबडा उघडण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत.

आहार : थोडे थोडे, परंतु वारंवार खावे. आपल्या भागात मुबलक मिळणारी अंडी पूर्ण उकडून, तसेच डाळ, दूध व शिजविलेली कडधान्ये घ्यावीत. कोणतीही जडीबुटी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नये.

हालचाल : दिवसभर अंथरुणात पडून राहिल्याने थकवा वाढतो. झेपेल तेवढे, डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालावे.

वेदना : वेदना सोसणे हा रुग्णधर्म नव्हे. मॉर्फिनचे नाव ऐकताच अनेक कुटुंबे घाबरतात. परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते वेदनाशमनासाठी सुरक्षितपणे वापरता येते. २०१४ च्या कायदा दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते उपलब्ध करून घेणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे.

रुग्णापासून काय लपवावे?

‘त्यांना काही सांगू नका’ अशी विनंती नातेवाईक वारंवार करतात. त्यामागे मायाच असते. तथापि, आपणास काय झाले आहे हेच ज्यास ठाऊक नाही, तो ताप आल्यावर कोणती दक्षता घेणार? शिवाय घरातील कुजबुज रुग्णाच्या कानी पडतेच आणि मग तो आपले भय एकटाच वाहतो. त्याला किती जाणून घ्यावयाचे आहे हे त्यालाच विचारावे व तितके खरे सांगावे.

आपल्या तालुक्यात आणखी एक अडचण आहे. गलाई व्यवसायानिमित्त असंख्य कुटुंबांतील कर्ते पुरुष केरळ, तमिळनाडूसारख्या दूरच्या प्रांतांत असतात व गावी वृद्ध आईवडील असतात. अशा घरी वहीतील पान फोनवर रोज वाचून दाखविले तर परगावच्या मुलालाही नेमकी स्थिती कळते. मात्र आणीबाणीच्या वेळी रुग्णालयात कोण नेईल, त्या शेजाऱ्याचे वा भाऊबंदाचे नाव आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. शुश्रूषा करणाऱ्या सून-मुलीलाही विसावा हवा. आठवड्यातून एक दिवस तिचे काम दुसऱ्याने घ्यावे.

समाजाचा वाटा

पुण्यातील वारजे येथे १९९७ पासून कार्यरत असलेल्या सिप्ला उपशामक केंद्रात रुग्णासोबत नातेवाईकासही शुश्रूषेचे शिक्षण मिळते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक कुटुंबांचा शस्त्रक्रिया व औषधोपचारांचा भार हलका झाला आहे. तरीही रात्रीच्या गाडीचे भाडे, पोषक आहार आणि बुडालेली मजुरी यांचा भार घरावरच राहतो. एक तापमापक व एक वही यांची किंमत नगण्य, परंतु ती वापरावयास शिकविणारी परिचारिका व वेळेवर निघणारे वाहन यांसाठी सातत्यपूर्ण साहाय्य लागते. देणगीदार व विश्वस्त बंधुभगिनींनी इमारत व यंत्रसामग्री यांच्याबरोबरच या कामाचाही विचार करावा आणि रुग्णांच्या कुटुंबीयांनी हे पान कापून वहीत चिकटवून ठेवावे, ही आमची नम्र विनंती.