मांजर म्हातारी होते तेव्हा

भाईंदरजवळच्या आमच्या तारोडीत मांजर कुणी विकत आणत नाही. मासळी साफ करायला बसलं की एखादं पिल्लू येऊन बसतं, बोंबलाची डोकी खातं, दोन दिवसांनी पायऱ्या चढतं आणि बघता बघता पलंगावर झोपायला लागतं. डोंगरी, उत्तन, पाली, चौक, सगळीकडे हेच. अशा आपणहून आलेल्या मांजरीसोबत आपली मुलं रांगतात, चालायला लागतात, शाळेत जायला लागतात. आमच्या धाकट्या मुलीला आमच्या मांजरीशिवायचं, चिंगीशिवायचं घर माहीतच नव्हतं.

मग एके दिवशी लक्षात येतं, की मांजर एका उडीत ओट्यावर येत नाहीये. आधी स्टुलावर, तिथं जरा थांबून मग ओट्यावर. सारखी पाण्याच्या वाटीपाशी दिसतेय. अंग चाटायचं सोडलंय, केसांच्या गुठळ्या झाल्यात. कुरवाळताना हाताला पाठीचा कणा लागतोय.

"वय झालं तिचं," असं म्हणून आपण कामाला लागतो. करणार काय? डबे भरायचे असतात, मुलांना शाळेत पोचवायचं असतं, भाईंदर स्टेशनला जाणारी बस गाठायची असते. त्या धांदलीत मांजरीच्या वाटीतलं पाणी किती कमी झालं हे कोण बघत बसणार.

डॉक्टर रक्त तपासून सांगतात, "मूत्रपिंडं थकलीत." म्हाताऱ्या मांजरींना होणाऱ्या आजारांत हा फार नेहमीचा. ते ऐकलं की आपण पहिल्यांदा स्वतःलाच बोल लावतो. माझ्या कसं लक्षात आलं नाही? तुम्हीही या काळातून जात असाल, तर एवढं मनावर घेऊ नका. मांजर आजार लपवते, तिची जातच तशी. दुखत असलं तरी घुरघुरते, आणि आपण समजतो छान आहे. शिवाय मूत्रपिंडांची जवळजवळ तीन चतुर्थांश ताकद गेल्याशिवाय रक्तातलं क्रिएटिनिन फारसं वाढतही नाही. पंधरा वर्षांची मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबानं पंच्याहत्तरी ओलांडलेली. आपण काळजी घेतली म्हणूनच ती एवढं वय बघू शकली, ही बाजूही आहेच की.

यानंतर आपण सगळेच करतो ती गोष्ट म्हणजे मुलांपासून लपवणं. स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचं, रिपोर्ट कपाटात ठेवायचा. "युनिट टेस्ट होऊन जाऊ दे, मग सांगू." मूल आत आलं की विषय बदलायचा. हेतू चांगलाच असतो. पण मुलांना घरातली कुजबुज आपल्याआधी कळते. कुणीच काही सांगत नाही म्हटल्यावर ती मनातल्या मनात काहीतरी रचतात, आणि ते खऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक असतं.

त्यातून मुलाला वाटू लागतं, की माझ्यामुळेच झालं. मी तिची शेपटी ओढली होती. मी एकदा रागानं म्हटलं होतं, जा तू इथून. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मनात आलेला विचार आणि घडलेली गोष्ट वेगवेगळ्या ठेवता येत नाहीत. म्हणून मला वाटतं, पहिल्याच दिवशी, साध्या शब्दांत सांगून टाकावं: ती म्हातारी झालीय, तिच्या पोटातली लघवी तयार करणारी दोन इंद्रियं थकलीत, औषधानं तिला बरं वाटेल पण ती पूर्वीसारखी होणार नाही. आणि हे तुझ्यामुळे, माझ्यामुळे, कुणाहीमुळे झालेलं नाही. हे शेवटचं वाक्य मुलानं विचारलं नसलं तरी सांगावं, आणि पुन्हा पुन्हा सांगावं.

सांगितल्यावर मुलाच्या हाताला काहीतरी काम द्यावं. आमच्याकडे चिंगीला घरीच सलाइन द्यावं लागायचं. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवायची. मग मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई आत घालायची. थोड्या वेळात खांद्यापाशी पाण्याचा फुगवटा यायचा, कधी तो पुढच्या पायाकडे उतरायचा. पहिल्यांदा बघताना धाकटीनं डोळे मिटून घेतले. तो फुगा काही तासांत अंगात जिरतो हे डॉक्टरांनी तिलाच, तिच्याकडे बघून सांगितलं. त्यानंतर पिशवी कोमट झाली का हे मनगटाला लावून बघायचं काम तिचं झालं. मांजरीचं डोकं मांडीवर घेऊन कानामागे खाजवत बसायचं, तेही तिचंच. थोरला वहीत लिहायचा: आज किती खाल्लं, उलटी झाली का. ती वही डॉक्टरांना खरोखर उपयोगी पडली.

लहान मुलाच्या हाती सुई द्यायची नाही हे वेगळं सांगायला नको. पण आजारी जिवाजवळ बसणं, त्याच्यासाठी काहीतरी करणं, हे मुलांना जमतं. आपणच त्यांना "तू जा, खेळ जा" म्हणून बाहेर काढतो.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. मांजरीचं अंग गरम लागलं म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तिला कधीही, अगदी चिमूटभरसुद्धा देऊ नका. तिच्या शरीराला ती पचवता येत नाही, जीव जातो. मायेपोटी मूलही असं करू शकतं, म्हणून मुलांनाही सांगा. कांदा-लसणाचं कालवणही नको. आणि आपल्याकडचं लाडकं खारं सुकट या आजारात वाईटच. धाकटीला हे पटायला जड गेलं. जवळा ही तिची आणि चिंगीची दोघींची आवड. अगदी शेवटी खाणं तुटलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता जे खाईल ते द्या, उपाशी राहण्यापेक्षा बरं. त्या दिवशी धाकटीनं बिनमिठाची मांदेली उकडून घेतली आणि काटा काढून भरवली.

पैशांचं बोलायलाच हवं, कारण काळजीतला मोठा वाटा त्याचा असतो आणि आपण तो कुणाला सांगत नाही. तपासण्या, सलाइन, रिक्षा, सगळं मिळून बरंच होतं. मुलांची फी, घराचा हप्ता, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं हे सगळं त्याच खिशातून. पाहुणे सहज म्हणून जातात, "मांजरासाठी एवढं?" मुलं ऐकत असतात. पाहुण्यांशी वाद घालायची गरज नाही, पण मुलाला नंतर जवळ घेऊन सांगा, की आपल्याला जेवढं झेपतं तेवढं आपण तिच्यासाठी करणार. झेपत नसेल तर तेही सांगा. "हे मोठं औषध आपल्याला परवडणार नाही, पण तिला दुखू नये एवढं नक्की बघू," हे ऐकायला मूल समर्थ असतं.

मुंबईजवळ राहण्याचा एक फायदा आहे. परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, ज्याला आपले आजोबा बैलघोडा हॉस्पिटल म्हणायचे, ते १८८३ पासून मुक्या जिवांसाठी उभं आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. तरी तारोडीहून तिथं जायचं म्हणजे आजारी मांजरीला सबंध प्रवास घडवायचा. म्हाताऱ्या मांजरीला अनोळखी वास, गोंगाट यांचाच जास्त त्रास होतो. जवळच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: तिकडे नेऊन तिला फरक पडेल, की आपल्यालाच समाधान मिळेल? आमच्या डॉक्टरांनी प्रामाणिक उत्तर दिलं आणि आम्ही तिला घरीच ठेवलं.

मग तो निर्णय येतो. ती खात नाही, उभी राहत नाही, कपाटाखाली जाऊन बसते, आणि डॉक्टर म्हणतात, आता इंजेक्शन देऊन तिला सोडवायचं का ते ठरवा. आपल्या घरांत हे सोपं नाही. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर काशीला वाहावं लागतं, हे ऐकत आपण मोठे झालोय. मांजर सटवाईचं वाहन म्हणून घरातली म्हातारी माणसं तिला मान देतात. त्यांचं मन अडतं, त्याला "अंधश्रद्धा" म्हणून झटकू नये असं मला वाटतं. त्या विचारातही जिवाबद्दलची कणवच आहे. डॉक्टरांनाच घरच्या मोठ्यांशी बोलू द्यावं. काही घरं नको म्हणतात आणि मांजर त्यांच्या मांडीवर जाते. काही घरं हो म्हणतात. दोन्हीकडे माया तेवढीच असते.

आम्ही हो म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी धाकटीनं विचारलं, "मग आजी आजारी पडली की आजीलापण ते इंजेक्शन देणार?"

सासूबाई तिथंच गवार मोडत बसल्या होत्या. खोलीत कुणाला काही सुचेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "मला कुठं दुखतंय ते मला सांगता येतं, बाळा. चिंगीला येत नव्हतं. आणि माणसांना डॉक्टर असं इंजेक्शन देत नाहीत. मला बरं नसलं की औषध देणार, तू पाय चेपून देणार."

या प्रश्नाला तयार राहा, हे मला तुम्हाला सगळ्यांत कळकळीनं सांगायचंय. मूल मांजरीबद्दल विचारत असतं तेव्हा ते आजीबद्दल विचारत असतं, तुमच्याबद्दल विचारत असतं. म्हातारं झालं, आजारी पडलं की असं करतात, एवढाच अर्थ त्यानं लावला असेल तर रात्री झोप कशी येणार? म्हणून तीन-चार गोष्टी सुट्या करून सांगाव्या लागतात. सर्दी-तापाचं आजारपण वेगळं, हे वेगळं. सगळे आजारी लोक मरत नाहीत. माणसांसाठी डॉक्टर वेगळं वागतात. आणि आई-बाबा आत्ता कुठेही जात नाहीयेत. हे एकदा सांगून भागत नाही. आंघोळ घालताना, बसमध्ये, वरण-भात कालवताना पुन्हा विचारतील. तितक्या वेळा सांगायचं.

शब्द जपून वापरायला हवेत. "तिला झोपवलं" म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं. "देवाघरी गेली" म्हटलं तर परत कधी येणार असं विचारतं, आणि त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असतं. मारिया नागी या हंगेरियन अभ्यासक बाईंनी १९४८ मध्ये लहान मुलांच्या मृत्यूविषयीच्या कल्पना मांडल्या होत्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी लांब जाणं, नाहीतर झोपणं वाटतं, असं त्यांना आढळलं. तेव्हा "मेली" हा शब्द आपल्याला कितीही कठोर वाटला तरी म्हणावा. तिचा श्वास थांबला, आता तिला भूक लागत नाही, दुखत नाही, ती परत येणार नाही. देवाचं बोलायचं असेल तर त्यानंतर बोलावं.

मुलांना तिला शेवटचं बघू द्यावं का? त्यांनाच विचारावं. थोरल्यानं नको म्हटलं आणि गच्चीवर जाऊन बसला. धाकटीनं हात लावून बघितला. दोघांचंही आम्ही ऐकलं.

अंगण असेल तर पुरता येतं. खड्डा तीन फूट तरी खोल हवा, विहिरीपासून लांब. इंजेक्शनचं औषध शरीरात राहतं, म्हणून कुत्री उकरणार नाहीत याची खात्री करायची. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची मोठी पंचाईत होते. मुंबई महापालिकेनं मालाडला २०२३ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या दहनाची सोय सुरू केलीय. कोणते कागद लागतात ते आधी फोनवर विचारून घ्या. ही चौकशी मांजर जिवंत असतानाच करून ठेवलेली बरी. त्या दिवशी रडणाऱ्या मुलाला धरायचं, की फोन फिरवत बसायचं?

मुलं आपले विधी आपणच शोधतात. आमच्या भागात २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतात. मुलांनी दोन्ही पाहिलेलं असतं. त्यातलं काही मांजरीसाठी करू का असं विचारलं, तर करू द्यावं. धाकटीला कावळ्यासाठी मांदेली ठेवायची होती. सासूबाईंनी स्वतः पान मांडून दिलं.

नंतरचे दिवस विचित्र असतात. लगेच रडलेली धाकटी दोन दिवसांत खेळायला लागली. ज्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं तो थोरला महिनाभरानं गणिताची वही फाडून रडला, कारण कोपऱ्यात तिच्या पंजाचा डाग होता. म्हणून वर्गशिक्षिकेला एक ओळ लिहून कळवावं. आणि घरातल्या आजीला विसरू नये. आपण कामावर, मुलं शाळेत, दिवसभर मांजर तिच्याजवळ असते. सासूबाई दुपारी अजून दार थोडं उघडं ठेवतात.

मूल हिरमुसलं की आपला जीव तुटतो आणि आपण त्याच आठवड्यात नवं पिल्लू आणायला निघतो. थोडं थांबावं. मुलांनी आपणहून विषय काढला तर बघावं, आणि नव्याला जुन्याचं नाव देऊ नये.

उरलेली औषधंही मुलांसोबतच आवरा. न उघडलेल्या सलाइनच्या पिशव्या दुसऱ्या एखाद्या मांजरीला चालतील का ते डॉक्टरांना विचारा. आमच्या डॉक्टरांनी घेतल्या. वापरलेल्या सुया मात्र घरच्या कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागतात. झाकणाच्या बाटलीत भरून त्या दवाखान्यातच परत द्या.