होस्टेलचा 'बॉयलर' : तपासायचा कोणी?

सकाळी साडेसहाला बादली घेऊन रांगेत उभे असताना आपला प्रश्न एकच असतो, "गरम पाणी आलं का?" पाणी गरम करणारी टाकी धड आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख. विषय मेकॅनिकलचा आणि इलेक्ट्रिकलचा वाटला तरी आंघोळ सगळ्याच ब्रँचेस करतात!

बॉयलर, पण बॉयलर नव्हे

आपण या टाकीला सर्रास बॉयलर म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. १९२३ च्या कायद्याच्या जागी आता बॉयलर अधिनियम, २०२५ आला आहे. त्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या खालीच तापवणारी टाकी बॉयलरच्या व्याख्येतून वगळलेली आहे. मिरजोळे एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात वाफेचा बॉयलर असेल तर त्याची रीतसर तपासणी होते, सर्टिफिकेट मिळतं. होस्टेलच्या वॉटर हीटरकडे बॉयलर इन्स्पेक्टर येणार नाही. म्हणजेच तपासणी आपणच करायची, आणि नाही केली तर कोणीच केलेली नसते.

धोका नेमका कुठे?

आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. तो वरून बंद नसायचा. पाणी उकळलं तरी वाफ बाहेर जायची. आपली टाकी मात्र बंद असते. समजा टाकी ५०० लिटरची आहे. पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेलं की ते साधारण ७ लिटरने फुगतं. या ७ लिटरना जायला वाट हवी. ती वाट म्हणजे गच्चीवर गेलेला व्हेंट पाइप किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह.

आता थर्मोस्टॅट अडकला आणि वाटही बंद असली तर पाणी १०० अंशांच्या वर जातं, पण दाबामुळे त्याची वाफ होत नाही. अशा वेळी टाकी फाटली तर दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्यातला काही भाग क्षणात वाफ होतो. १ लिटर पाण्याची वातावरणाच्या दाबाला सुमारे १,६०० लिटरहून जास्त वाफ होते. म्हणून व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याच्या तोंडाला प्लग मारणं, ही सगळ्यात वाईट दुरुस्ती. गळत असेल तर दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह खराब आहे. कारण शोधा, व्हॉल्व्ह बदला.

किती गरम?

टाकीत ६० अंश ठेवावेत. कोमट पाणी साठवून ठेवलं तर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा त्यांचा शोध लागला. पण ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर पाचएक सेकंदांत गंभीर भाजतं. त्यामुळे नळाशी थंड पाणी मिसळूनच घ्यायचं. बादलीत आधी थंड, मग गरम.

कोकणातल्या दोन गोष्टी

पहिली, गंज. जांभ्या दगडातलं पाणी बहुतेक मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. घाटावरच्या बोअरच्या पाण्यासारखा क्षारांचा जाड थर इथे बसत नाही, पण लोखंड लवकर खातं. त्यात समुद्राची खारी हवा. टाकीत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीला वाचवतो. तो संपला की पुढचा नंबर टाकीचा.

दुसरी, अर्थिंग. कातळावर अर्थिंगला ओलावा मिळणं कठीण. पावसात ठीक असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कमकुवत होऊ शकतं. म्हणून अर्थ रेझिस्टन्स उन्हाळ्यातच मोजायचा आणि खड्ड्यात पाणी घालत राहायचं. जोडीला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

वेळापत्रक

रोज : तापमान बघणे, गळती बघणे, वायर जळाल्याचा वास येतो का बघणे.

दर महिन्याला : आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबणे. ट्रिप झाला नाही तर हीटर बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलावणे.

दर सेमिस्टरला : सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी येतं आणि सोडल्यावर थांबतं का बघणे. पाणी कढत असतं, त्यामुळे निकासाच्या पाइपसमोर उभं राहू नका. नवा व्हॉल्व्ह आधीच आणून ठेवावा, कारण जुना कधी कधी परत बसत नाही. तळाचा ड्रेन उघडून गाळ काढणे, पावसाळ्यानंतर तर नक्कीच.

दर वर्षाला, मेच्या सुट्टीत : अ‍ॅनोड रॉड, हीटिंग एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि ओव्हरहीट कटआउट तपासणे, टर्मिनल्स साफ करून घट्ट करणे.

टाकी उघडण्याची कामं जाणकार माणसाकडूनच करून घ्यायची. आधी मेन स्विच बंद, त्यावर "काम चालू आहे" अशी पाटी, टेस्टरने खात्री, मगच हात. आणि सुट्टीनंतर हीटर लावण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून सलग धार येते का बघा. रिकाम्या टाकीत एलिमेंट लगेच जळतो.

आपण काय करायचं?

एक साधी वही. तारीख, तापमान, काय तपासलं, सही. ती वॉर्डन सरांच्या ऑफिसमध्ये नको, हीटरशेजारीच टांगलेली हवी. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर "असंच होतं रे" म्हणून सोडू नका. तिथेच थांबा, मेन बंद करा, सांगा आणि वहीत लिहा. मामांनी व्हॉल्व्ह तपासला का, हे विचारायचा हक्क आंघोळ करणाऱ्या प्रत्येकाला आहे. वहीतली एक कोरी ओळ म्हणजे त्या दिवशी टाकीकडे कोणीच बघितलेलं नाही. तेव्हा उद्या रांगेत उभे राहाल तेव्हा आधी वही उघडा, मग नळ!