घरी बसलेले मोहरे

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियात बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये कॅरमच्या खाली दबून पडलेला बुद्धिबळाचा पट बाहेर आला. एक पांढरा घोडा हरवला होता, तिथं खडूचा तुकडा ठेवून डाव सुरू झाले. फर्स्ट इयरची पोरं रात्री जेवण झालं की येऊन बसायला लागली. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच : "दादा, कुठलं ओपनिंग पाठ करू?"

हा प्रश्न ऐकला की मला घाम फुटतो. कारण दोन वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न घेऊन फिरत होतो आणि त्याचं उत्तर मला एका स्पर्धेत, सगळ्या टीमसमोर मिळालं. ते आधी सांगतो.

सेकंड इयरला मी कॉलेजच्या टीममध्ये चौथ्या पटावर होतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधी मी पंधरा दिवस रात्री जागून एक ओपनिंग घोटलं. नाव फ्राइड लिव्हर. (मेसमधल्या शाकाहारी टेबलावर हे नाव मोठ्यानं घेतल्यामुळं दोन दिवस कोणी माझ्या शेजारी बसेना.) पांढऱ्यानं ई४, काळ्यानं ई५. मग घोडा एफ३, काळा घोडा सी६. उंट सी४, काळा दुसरा घोडा एफ६. आता पांढरा घोडा उडी मारून जी५ ला. उंट आणि घोडा दोघांचा डोळा एफ७ वर. हे घर लक्षात ठेवा, सुरुवातीला एफ७ च्या प्याद्याला राजाशिवाय दुसरं कोणीही राखत नाही. काळा डी५ खेळतो, आपण ई-प्याद्यानं मारतो, आणि त्यानं घोड्यानं परत मारलं की आपला घोडा थेट एफ७ वर बलिदान! राजानं मारला की वजीर एफ३ ला शह, आणि काळा राजा भर मैदानात ई६ वर उभा. काय थाट आहे! हॉस्टेलमध्ये मी या सापळ्यात निम्मा मजला अडकवला होता.

स्पर्धेत पहिले तीन पट संपले तेव्हा दीड-दीड गुण झाले होते. माझ्या डावावर टीम पुढं जाणार की बॅगा भरणार हे ठरणार होतं. आणि माझ्या समोरच्या मुलानं सगळं अगदी माझ्या मनासारखं खेळून पाचव्या खेळीला प्यादं मारलंच नाही! त्यानं सी६ चा घोडा शांतपणे ए५ ला नेऊन माझ्या उंटावर ठेवला.

माझ्या पाठांतरात हे पान नव्हतं.

मग मी उंटानं बी५ वरून शह दिला. त्यानं सी६ प्यादं मध्ये घातलं. मी मारलं, त्यानं बी-प्याद्यानं परत मारलं. उंट पळाला ई२ ला. एच६ आलं, घोडा पळाला एफ३ ला. ई४ आलं, घोडा पुन्हा पळाला, तो थेट जी१ ला. मला एक प्यादं जास्त मिळालं होतं, म्हणून मी मनातून खूशच होतो. तेविसाव्या खेळीला मात झाली. जी१ चा घोडा वाटेत बसलेला, त्यामुळं किल्लेकोट करायलासुद्धा मिळाला नाही. बाहेर आमचा कॅप्टन, फायनल इयरचा, त्याची ही शेवटची स्पर्धा, काहीच बोलला नाही. "चल, चहा घेऊ," एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या शनिवारी घरी गेलो. घर इथंच, पेठेत. आजोबा जुने देशी पद्धतीचे खेळाडू. त्यांच्या खेळात प्यादं पहिल्यांदासुद्धा एकच घर पुढं जातं, किल्लेकोट नाही, पण शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. ओपनिंग हा शब्द त्यांना माहीत नाही. मी त्यांना माझा डाव मांडून दाखवला. दहाव्या खेळीनंतर त्यांनी हात धरला.

"थांब की. तुझं सैन्य कुठं हाय?"

मी पट बघितला. ई२ चा उंट सोडला तर सगळे मोहरे जागेवर.

"दहा खेळ्या केल्यास न्हवं? मग गेल्या कुठं?"

आम्ही वहीत हिशेब मांडला. घोड्यानं चार खेळ्या खाल्ल्या, एफ३, जी५, एफ३, जी१, आणि जिथून निघाला तिथंच येऊन बसला. उंटानं तीन : सी४, बी५, ई२. ई-प्याद्यानं तीन, आणि शेवटी ते मेलंच. चार, तीन, तीन, झाल्या दहा. बाकी शून्य. आमच्या थर्मोच्या सरांच्या भाषेत सांगायचं तर इनपुट दहा आणि आउटपुट एक उंट. तिकडं काळ्याचे दोन घोडे बाहेर, उंट आणि वजिराच्या वाटा मोकळ्या, प्यादं ई४ पर्यंत घुसलेलं. त्याबदल्यात माझ्याकडं एक प्यादं जास्त. नंतर पुस्तकात बघितलं तर दहाव्या खेळीला तिथं घोडा मागं न नेता ई५ ला पुढं घालायचा असतो. म्हणजे ओपनिंग वाईट नव्हतंच. मला त्यातला फक्त सापळा माहीत होता, सापळा चुकला तर काय करायचं हे माहीत नव्हतं.

आजोबांचा आणखी एक किस्सा मला फार पुढं समजला. ते काळ्यानं खेळताना नेहमी जी-प्यादं एक घर पुढं टाकतात, उंट त्या खिडकीत बसवतात आणि मधलं मैदान सुरुवातीला समोरच्याला देऊन टाकतात. मला वाटायचं, ही म्हाताऱ्या माणसांची सवय. ती सवयच आहे, पण तिला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर मोहेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी शेकडो डाव खेळला. बॅनर्जी देशी नियमांत वाढलेले. प्यादं एकच घर टाकायची सवय, म्हणून त्यांची मांडणी अशी संथ, कडेनं उंट काढणारी. ते डाव छापले गेले आणि अशा मांडणीला 'इंडियन' हे नाव चिकटलं. आज जगभर ज्याला किंग्ज इंडियन म्हणतात, त्याच्या नावामागं हे आहे. आणि गंमत बघा, याच जोडीच्या १८४८ च्या एका डावात कॉक्रेननं चौथ्या खेळीला घोडा एफ७ वर फेकून दिला, तो प्रकार आजही कॉक्रेन गँबिट म्हणून खेळतात. म्हणजे एकाच पटावर एका बाजूला हल्ला आणि दुसऱ्या बाजूला धीर, दोन्हीच्या शाळा भरल्या होत्या.

आता हल्ला कसा शिकायचा. माझं स्पष्ट मत आहे की त्यासाठी पन्नास डाव वरवर बघण्यापेक्षा एक डाव आठवडाभर चघळावा. तो डाव कुठला हेही सांगतो : पॉल मॉर्फीचा, १८५८ सालचा, पॅरिसच्या ऑपेरा हाऊसमधला. मॉर्फी एकवीस वर्षांचा, म्हणजे आपल्या थर्ड इयर-फायनल इयरच्या वयाचा. समोर ब्रुन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर, दोघं मिळून एका बाजूनं. पट मांडा आणि सोबत चला.

ई४, ई५. घोडा एफ३, डी६. डी४, उंट जी४. इथं मॉर्फीनं डी-प्याद्यानं ई५ मारलं. उंटानं घोडा मारला, वजिरानं उंट मारला, डी-प्याद्यानं ई५ वर परत मारलं. मग उंट सी४, काळा घोडा एफ६. आता मॉर्फीचा वजीर बी३ ला : एकाच वेळी एफ७ वर आणि बी७ वर नजर. काळ्यानं वजीर ई७ ला आणून एफ७ राखलं.

इथं थांबा. पुढचं पान झाका. बी७ चं प्यादं फुकट आहे. तुम्ही काय कराल?

मी तर डोळे झाकून मारलं असतं, माझा इतिहास तुम्ही वाचलाच. मारलं तर काळा वजीर बी४ ला शह देऊन वजिरावजिरी करून घेतो. पांढऱ्याला प्यादं मिळतं, डावही चांगलाच राहतो, पण हल्ला संपतो. मॉर्फीनं प्यादं सोडलं आणि घोडा सी३ ला काढला. काळ्यानं सी६, मॉर्फीनं उंट जी५. आता आजोबांचा प्रश्न विचारा : सैन्य कुठं हाय? पांढऱ्याचा वजीर, दोन उंट, घोडा असे चार मोहरे बाहेर. काळ्याचा एक घोडा आणि एक वजीर. तोही वजीर ई७ वर असा बसलाय की मागच्या एफ८ च्या उंटाची वाट त्यानंच अडवली आहे. आणि राजा मधोमध.

काळ्यानं बी५ टाकून उंट हाकलायला बघितलं. मॉर्फी मागं गेलाच नाही. घोड्यानं बी५ मारलं, सी-प्याद्यानं घोडा मारला, उंटानं बी५ मारून शह. घोडा देऊन दोन प्यादी. बाजारभावानं तोटा. पण राजासमोरचे दरवाजे उघडले. बी८ चा घोडा डी७ ला मध्ये आला. मग मोठा किल्लेकोट. आपण शाळेपासून ऐकतो की किल्लेकोट म्हणजे राजाची सुरक्षा. इथं तो राजासाठी कमी आणि हत्तीसाठी जास्त आहे, एका खेळीत हत्ती डी-पट्टीवर हजर. काळा हत्ती डी८ ला राखायला आला. मॉर्फीनं हत्तीनं डी७ चा घोडा मारला, हत्तीनं हत्ती मारला, आणि लगेच दुसरा हत्ती डी१ ला. एक पडला, दुसरा त्याच जागी उभा. काळा वजीर ई६ ला. उंटानं डी७ मारून शह, घोड्यानं उंट मारला. आणि मग वजीर बी८ ला शह! अख्खा वजीर फुकट. घोड्याला तो मारावाच लागतो, आणि घोडा डी७ वरून हलला की हत्ती डी८ ला. मात. सतरा खेळ्या.

शेवटचा पट नीट बघा. पांढऱ्याकडं मोहऱ्यांपैकी उरलेत एक हत्ती आणि एक उंट, पण त्याचा एकही मोहरा घरी बसून राहिला नाही. काळ्याचा एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती डावभर जागचे हललेसुद्धा नाहीत. माझ्या डावात मी काळ्या उमरावांच्या जागी होतो, एवढाच फरक.

बलिदानाचं खूळ मात्र डोक्यात बसू देऊ नका. मॉर्फीचा डाव पाठ झाल्यावर मी महिनाभर दिसेल तो मोहरा फेकत सुटलो होतो. विशेषतः एच७ वर उंट मारण्याचा तो प्रसिद्ध प्रकार : राजानं उंट मारला की घोडा जी५ ला शह, मग वजीर एच५ ला. दिसायला फार देखणा. रूम पार्टनरनं मला तीन वेळा तो मारू दिला, राजा जी८ ला परत नेला आणि दर वेळी आपला उंट एफ५ ला आणून एच७ राखलं. उंट गेला, हल्ला गेला, वर मसाला दूध माझ्याकडून. फेकायच्या आधी बोटं मोजायची : राजाजवळ माझे किती पोचू शकतात, त्याचे राखायला किती येऊ शकतात. एच७ ला त्याचा घोडा एफ६ वरून किंवा उंट तिरका येऊन राखणार असेल तर हात आवरायचा.

ओपनिंगच्या वहीबद्दल एवढंच. पांढऱ्यानं एक, ई४ ला एक उत्तर, डी४ ला एक उत्तर, हॉस्टेलच्या पातळीला तीन पुरतात. पानाच्या मधे रेघ मारा. डावीकडं खेळी, उजवीकडं ती कशासाठी. उजवी बाजू कोरी राहिली तर पुढची खेळी लिहायची नाही, आधी कोणाला तरी विचारायचं. मोबाइलवरचं इंजिन चांगली खेळी क्षणात दाखवतं, पण तेही डावी बाजूच भरून देतं. वायव्हाला उत्तर बरोबर आणि 'का' विचारल्यावर तोंड बंद, असा अनुभव ज्यांना आहे त्यांना जास्त सांगायला नको.

विचारायला माणसं लांब नाहीत. शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं पोरांच्या पिढ्या पटावर बसवल्या. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे सांगलीच्याच. आपल्या कोल्हापूरच्या ऋचा पुजारी आंतरराष्ट्रीय महिला मास्टर झाल्या. सुट्टीत स्पर्धा होतात तिथं नुसतं मागं उभं राहून बघितलं तरी पुष्कळ मिळतं. हरलेला माणस डाव संपल्यावर समोरच्याबरोबर बसून पुन्हा मांडतो, तेव्हा कान तिकडं ठेवा.

गेल्या वर्षी मी पुन्हा चौथ्या पटावर होतो. तिसऱ्या फेरीत पुन्हा तोच घोडा ए५ ला आला. या वेळी मी दहाव्या खेळीला ई५ ला गेलो, सैन्य काढलं, किल्लेकोट केला. डाव बरोबरीत सुटला. हल्ला वगैरे काही जमला नाही, खरं सांगतो. रात्री आजोबांना फोन करून सांगितलं तर त्यांनी विचारलं, "आणि किती घरी बसले हुते?" मी म्हटलं, एक हत्ती. "मग त्यो काढायचा हुता की," म्हणाले आणि फोन ठेवला.

या वर्षीच्या टीमची निवड पुढच्या महिन्यात आहे. रोज रात्री साडेआठनंतर कॉमन रूममध्ये या. स्टाफपैकी कोणी खेळत असतील तर सर, मॅडम, तुम्हीही या. वही आणा. आणि कोणाच्या कपाटात पांढरा घोडा सापडला तर तोही घेऊन या.